येडाई: चुकलेल्या देवीचे नाव

सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरमार्गे धुळ्याकडे जाणारा महामार्ग बालाघाटाच्या डोंगररांगेतून जातो तेथे, धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात, येरमाळा हे गाव वसले आहे आणि गावाजवळच्या डोंगरावर ज्या देवीचे ठाणे आहे तिचे नाव येडेश्वरी असे आहे. हे नाव कमानीवर, पावतीपुस्तकावर आणि यात्रेच्या पत्रिकेवर दिसते. आराधी मंडळींच्या गाण्यात आणि घरातल्या बोलण्यात मात्र ती येडाई, येडाबाई किंवा येडामाय असते. मराठवाडी बोलीत शब्दाच्या आरंभीच्या ‘वे’चा ‘ये’ होतो, वेळेची येळ होते, वेशीची येस होते, आणि त्याच न्यायाने वेडीची येडी होते. देवीच्या नावाचा अर्थ गावात असाच सांगितला जातो: जी वेडेपणा करून बसली ती येडाई. एखाद्या नावाचा उगम भाषेच्या इतिहासात न शोधता एखाद्या प्रसंगात शोधणाऱ्या अशा उलगड्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती टिकेलच असे नसते, पण लोकांना त्या देवतेविषयी काय सांगायचे आहे हे जाणून घेण्याचे तिच्याइतके सरळ साधन दुसरे नाही. जगभरच्या देवतांना बलवान, दयाळू, सर्वज्ञ, भयंकर अशी विशेषणे मिळालेली दिसतात. देवतेची चूक हेच तिचे नाव होणे, आणि त्या नावाने तिला लाखो लोकांनी आदराने हाक मारणे, ही गोष्ट दुर्मीळ आहे.

ज्या प्रसंगातून हे नाव निघाले असे मानले जाते तो रामकथेतील आहे. सीतेचे हरण झाल्यावर राम आणि लक्ष्मण दंडकारण्यात तिला शोधत हिंडत होते, राम झाडावेलींना तिचा ठावठिकाणा विचारत होता, आणि त्याची ही अवस्था शंकर-पार्वतीने पाहिली. शंकराने रामाला मनोभावे नमस्कार केला तेव्हा पार्वतीला नवल वाटले की बायकोसाठी असा रडणारा माणूस परमेश्वर कसा असेल, आणि त्याची परीक्षा घ्यावी म्हणून ती सीतेचे रूप घेऊन त्याच्या वाटेत उभी राहिली. रामाने तिला पाहताक्षणी ओळखले आणि ‘तू का आई?’ असे विचारले, म्हणून तुळजापूरच्या देवीला तुकाई हे नाव पडले, असे तुळजापूरच्या परंपरेत सांगतात. येरमाळ्याच्या परंपरेत हाच प्रसंग पुढे नेऊन, हा काय वेडेपणा मांडला आहेस, अशा अर्थाचे बोल तिला ऐकावे लागले आणि ती येडाई झाली, असे सांगतात. हे बोल कोणी रामाच्या तोंडी घालतो, कोणी शंकराच्या. भाविक येडेश्वरीला तुळजाभवानीची धाकटी बहीण मानतात, आणि दोन्ही नावे एकाच भेटीतून निघालेली असल्यामुळे हे नाते कथेच्या पातळीवरही जुळते: रामाने काढलेला आश्चर्याचा उद्गार थोरलीच्या वाट्याला आला आणि त्यामागून आलेला लाडिक रागाचा शब्द धाकटीच्या.

वाल्मीकींच्या रामायणात हा प्रसंग नाही. तो येतो शिवपुराणात, रुद्रसंहितेच्या सतीखंडात, आणि उत्तर भारतात त्याला घरोघर पोहोचवले ते तुलसीदासांनी 1574 मध्ये रचायला घेतलेल्या ‘रामचरितमानस’च्या बालकांडाने. तेथे शिव आणि सती अगस्त्य ऋषींच्या आश्रमातून परतत असताना विरही राम त्यांच्या दृष्टीस पडतो. सतीची शंका मिटत नाही तेव्हा शिव वडाच्या सावलीत थांबतो आणि तिला स्वतः जाऊन पारख करण्यास सांगतो. सीतेच्या रूपातील सतीला राम हात जोडतो, वडिलांच्या नावासह स्वतःचे नाव सांगतो, आणि शिव कोठे आहेत, आपण रानात एकट्या का फिरत आहात, असे नम्रपणे विचारतो. या प्रश्नातील सौजन्य इतके बोचरे आहे की सती लज्जित होऊन परत फिरते आणि परतल्यावर शिवापाशी खोटे बोलते की परीक्षा घेतलीच नाही. शिव ध्यानात सारे पाहतो. जिने सीतेचे, म्हणजे आपल्या आराध्याच्या पत्नीचे, रूप घेतले तिच्याशी पतिपत्नीचे नाते या देहात ठेवता येणार नाही, असा संकल्प तो मनोमन करतो आणि सत्त्याऐंशी हजार वर्षांच्या समाधीत बसतो. तेथून कथा दक्षाच्या यज्ञाकडे जाते, सती अग्नीत देह टाकते, आणि पुढच्या पुराणांनुसार तिच्या देहाचे अवयव जेथे जेथे पडले तेथे शक्तिपीठे निर्माण होतात.

येरमाळ्याच्या कथेशी हा शेवट ताडून पाहिला की बालाघाटातल्या सांगणाऱ्यांनी काय केले ते ध्यानात येते. चूक तीच, वेषांतर तेच, रामाचे ओळखणेही तेच. पण येथे समाधी नाही, परित्याग नाही, यज्ञकुंडही नाही. एक छोटासा बदल सगळे पारडे फिरवतो: उत्तरेतील कथेत परीक्षा घेणारी सती आहे, जिचे मरण पुराणात आधीच ठरलेले आहे, आणि मराठवाड्यातील कथेत ती पार्वती आहे, जिला जळावे लागत नाही. ज्या जागी तिची चूक उघडी पडली त्याच जागी ती राहिली, आणि तिच्या वाट्याला शिक्षेऐवजी एक टोपणनाव आले. शक्तिपीठांची कथा सतीच्या मृत देहाच्या तुकड्यांतून देवस्थाने घडवते. येडाईची कथा जिवंत देवीला, ती ओशाळून उभी होती त्या माळावरच, थांबवून घेते.

मराठीत हे शक्य झाले याचे एक कारण ‘वेडी’ या शब्दाच्या स्वभावात आहे. मराठी घरात हा शब्द क्वचितच निव्वळ निंदेसाठी येतो. लेक भलतेच काही बोलली की आई तिला ‘वेडाबाई’ म्हणते, आणि त्या म्हणण्यात रागापेक्षा जवळीक अधिक असते. मुलावर हिशेब न ठेवता केलेल्या प्रेमाला ‘वेडी माया’ म्हणतात, आणि ती असणे हा आईचा दोष समजला जात नाही. येडाबाई आणि येडामाय ही दोन नावे या दोन शब्दप्रयोगांची बोलीतली रूपेच आहेत. महाराष्ट्राच्या धर्मपरंपरेतही वेडेपणाला मान आहे: तेराव्या शतकात महानुभाव पंथाने ज्यांना ईश्वराचा अवतार मानले त्या ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंच्या लीळांमध्ये लहान मुलासारखे रुसणे, हट्ट करणे, कोणाच्याही घरात शिरून खाणे अशा कितीतरी गोष्टी म्हाइंभटांनी भक्तिभावाने नोंदवून ठेवल्या आहेत. ते वागणे झाकावे असे त्यांना वाटले नाही, कारण लोकरीतीच्या चौकटीत न मावणे हीच त्यांच्या लेखी ईश्वराची खूण होती.

येडेश्वरी या नावाची घडणही पाहण्यासारखी आहे. ग्रामदेवतेला संस्कृत नाव आणि पुराणातले कुळ मिळून ती मोठ्या परंपरेत सामावली जाते, या प्रक्रियेला मानववंशशास्त्रज्ञ मॅकिम मॅरियट यांनी 1955 मध्ये सार्वत्रिकीकरण म्हटले, आणि याउलट मोठ्या परंपरेतील कथा गावात उतरून गावच्या मातीची होते त्या प्रक्रियेला स्थानिकीकरण. अंबाजोगाईची जोगाई योगेश्वरी झाली, हे पहिल्या प्रक्रियेचे शेजारच्याच बीड जिल्ह्यातले उदाहरण. येरमाळ्यात दोन्ही प्रक्रिया एका शब्दात भेटतात: उत्तरपद ‘ईश्वरी’ झाले, पण पूर्वपद बोलीतलेच राहिले, आणि त्याला शुद्ध करून वेडेश्वरी करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. ते बरेच झाले, कारण शुद्ध नावात हाक मारणाऱ्यांचा आवाज उरला नसता.

रामकथेचे हे स्थानिकीकरण येरमाळ्यापुरते थांबत नाही. याच महामार्गाने धाराशिवकडे जाताना येडशी लागते आणि तिच्याजवळच्या घाटात, दाट झाडीच्या दरीत, रामलिंगाचे मंदिर आहे. परिसराची श्रद्धा अशी की सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूने येथे अडवले, येथेच तो जखमी होऊन पडला, आणि त्याला पाणी पाजण्यासाठी रामाने जमिनीत बाण मारून झरा काढला. त्याची समाधीही मंदिराच्या आवारात दाखवली जाते. दक्षिणेकडे तुळजापुरात घाटशीळ नावाचे ठिकाण आहे, तेथील शिळेवर उभी राहून देवीने रामाला लंकेची दिशा दाखवली असे सांगतात, आणि म्हणून ती रामवरदायिनी. या तीन जागा एका ओळीत वाचल्या तर बालाघाटाचे स्वतःचे अरण्यकांड तयार होते: येडशीला पक्षी पडला, येरमाळ्याला देवी चुकली, तुळजापूरला तिने वाट दाखवून ती चूक भरून काढली. असा सलग पाठ कोणा एका कवीने रचलेला नाही, आणि तिन्ही ठिकाणच्या परंपरा तो याच क्रमाने सांगतात असेही नाही. तरी पायी यात्रा करणाऱ्या माणसाच्या मनात डोंगर, दरी आणि शिळा यांच्या साहाय्याने तो जुळत जाणे स्वाभाविक आहे.

जटायूची जागा असल्याचा मान नाशिक जिल्ह्यातील टाकेदपासून आंध्र प्रदेशातील लेपाक्षीपर्यंत अनेक गावे सांगतात, आणि त्यांपैकी खरे कोण असा वाद घालण्यात काही हशील नाही. इतक्या गावांना हा पक्षी आपल्याकडे पडला असे वाटावे, हीच त्यातली खरी माहिती आहे. जटायू हा पुराणकथांतील प्राण्यांमध्ये वेगळा उठून दिसतो. गरुडाकडे वेग आहे, शेषाकडे पृथ्वी पेलण्याचे बळ आहे, किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ हा काल्पनिक पशू हत्तींना पंजात धरतो, आणि जटायू मात्र वाल्मीकींच्या वर्णनाप्रमाणे साठ हजार वर्षांचा म्हातारा आहे, जो हरणार हे त्याला स्वतःलाही कळते. रावण त्याचे पंख आणि पाय छाटतो. अरण्यकांडात त्यानंतर जे घडते ते दूरचित्रवाणीवरच्या रामायणांतून सहसा निसटते: रक्ताने माखलेला तो प्रचंड पक्षी पाहून रामाला प्रथम वाटते की गिधाडाच्या रूपातील या राक्षसानेच सीतेला खाल्ले, आणि तो धनुष्याला बाण लावून त्याच्यावर धावतो. जटायू बोलतो तेव्हा रामाला आपली चूक उमजते, तो धनुष्य टाकून त्या पक्ष्याला मिठी मारतो, आणि वडिलांच्या मित्राचे करावेत तसे त्याचे अंत्यसंस्कार करतो. म्हणजे या कथाप्रदेशात केवळ देवीच चुकत नाही. जो सीतेच्या रूपातील देवीला अचूक ओळखतो त्या रामाचीही, दुःखाच्या भरात, एका मित्राला ओळखण्यात गफलत होते, आणि आदिकवीने ती लपवलेली नाही.

आधुनिक काळाने जटायूला भव्यता दिली. केरळच्या कोल्लम जिल्ह्यात चडयमंगलम येथील टेकडीवर शिल्पकार राजीव अंचल यांनी घडवलेला सुमारे 200 फूट लांबीचा जटायू 2018 मध्ये लोकांसाठी खुला झाला. हरियाणातील पिंजोर येथील गिधाड संवर्धन केंद्रालाही जटायूचेच नाव आहे, आणि हे नामकरण अधिक अर्थपूर्ण म्हणावे लागेल, कारण जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे भारतातील गिधाडे 1990 च्या दशकापासून झपाट्याने नाहीशी झाली आणि 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. रामलिंगाभोवतीचे जंगल आज येडशी रामलिंग घाट अभयारण्य म्हणून राखलेले आहे. सुमारे 22 चौरस किलोमीटरच्या त्या हिरव्या तुकड्याला एका पौराणिक पक्ष्याच्या मरणाची स्मृती आहे, हे त्या जंगलाचे मोठे भाग्य.

देवांच्या चुका सांभाळणाऱ्या या प्रदेशाने असुरांनाही एकरंगी ठेवलेले नाही. तुळजापूरची मूर्ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची आहे, आणि तिच्यामागचा ग्रंथ म्हणजे मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्य, ज्याच्या तेरा अध्यायांत देवांच्या एकवटलेल्या तेजातून देवी प्रकटते, एकेक देव तिला आपापले शस्त्र देतो, आणि रेडा, सिंह, माणूस, हत्ती अशी रूपे पालटणाऱ्या महिषासुराला ती ठार मारते. पण शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला जो म्हसोबाचा दगड असतो तोही महिषच, असे अभ्यासक मानतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात म्हसोबाचा संबंध महिषासुराशी जोडला आणि काही ठिकाणी हाच म्हसोबा जोगूबाई या देवीचा नवरा म्हणून पूजला जातो, हेही दाखवले. देवळात ज्याच्या छातीवर त्रिशूळ आहे त्यालाच शेतात नारळ फुटतो, यात शेतकऱ्याला विसंगती वाटत नाही. खंडोबाच्या कथेतही मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध झाल्यावर मणीला देवाजवळ जागा मिळते आणि मल्लाचे नाव देवाच्या मल्हारी या नावात राहते. त्या खंडोबाचे एक प्रसिद्ध ठाणे धाराशिव जिल्ह्यातच, नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांत वाटून आहे आणि एकच मूर्ती आळीपाळीने दोन्हीकडे मुक्कामाला असते.

तुळजाभवानीच्या वर्षक्रमातील निद्रा ही प्रथाही याच दृष्टीने समजून घेतली पाहिजे. देवीची मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते, आणि वर्षातून तीनदा तिला पलंगावर निजवले जाते: भाद्रपदात नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात मोहनिद्रा. श्रमनिद्रा या नावातच कारण आले आहे. नऊ दिवस लढलेली देवी दमते आणि दमलेल्या बाईला झोपू द्यावे, एवढे साधे शहाणपण त्यात आहे. देवतेला थकवा येतो हे मान्य करणारा समाज तिच्याकडून चूकही होऊ शकते हे मान्य करतो.

देवदेवतांच्या या कथा गावोगाव नेणारी साधने मात्र पिढीगणिक बदलत गेली. छापखान्यापूर्वी पैठणच्या चित्रकथींनी रंगवलेली चित्रे एकेक करून उचलत, तुणतुण्याच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग सांगितले जात. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील रंगीत चित्रांनी प्रत्येक देवतेला एक ठराविक चेहरा दिला, आणि तो चेहरा इतका पक्का बसला की नंतरचे नट त्याच चेहऱ्याच्या मापाने निवडले जाऊ लागले. या छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी 1917 च्या ‘लंकादहन’ या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुष नटाला दिल्या. सीतेचे रूप घेणे म्हणजे काय असते, याचे प्रात्यक्षिकच त्या काळच्या प्रेक्षकांसमोर पडद्यावर झाले.

1967 मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली ‘अमर चित्रकथा’ आणि 25 जानेवारी 1987 पासून दूरदर्शनवर आलेले रामानंद सागर यांचे ‘रामायण’ यांनी या कथांना देशभर एकच पाठ दिला, आणि त्यात मिळाले तसे काही हरवलेही. मिळाले ते असे की शहरात वाढलेल्या, आजी दूर गावी असलेल्या मुलांना निदान कथेचा सांगाडा हाती आला. हरवले ते हे की राम कोणत्या गावच्या वाटेने गेला, त्या वाटेवर त्याला कोण भेटले, कोण चुकले, याला त्या पाठात जागा उरली नाही. लोकसाहित्याचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी ज्या असंख्य रामायणांकडे लक्ष वेधले ती अशाच जागांमध्ये जगतात, आणि पडद्यावरच्या रामायणाला येरमाळ्याला थांबायला सवड नसते.

तथापि नव्या माध्यमांनी देवांना सरसकट निर्दोष पुतळे करून टाकले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2014 ते 2017 या काळात झी मराठीवर चाललेल्या ‘जय मल्हार’ या मालिकेने खंडोबाला पिळदार शरीराचा वीर केले हे खरे, पण लोक तिच्यात गुंतले ते म्हाळसा आणि बाणाई यांच्यातील सवतीमत्सरामुळे, देवाच्या घरातल्या रुसव्याफुगव्यांमुळे, आणि ही सारी सामग्री वाघ्यामुरळीच्या गाण्यांत शतकानुशतके होतीच. कलर्स मराठीवर 2024 मध्ये ‘आई तुळजाभवानी’ ही मालिका सुरू झाली तेव्हा ही कुलदेवताही रोज संध्याकाळी घराघरात येऊ लागली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने 2020 मध्ये ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम काढला; त्यात हरवलेल्या भावाला शोधणारी एक साधी मुलगी दुर्गेने दिलेल्या त्रिशूळाने असुरांशी लढते. खेळाच्या नियमांना असुर हा मारण्यासाठीच लागतो, त्यामुळे म्हसोबाला शेंदूर लावण्याची वाट तेथे निघत नाही. परंतु रानात हरवलेल्या माणसाचा शोध हा जो अरण्यकांडाचा गाभा, तो त्यात मुलीच्या बाजूने आला आहे, आणि ही भर मोलाची आहे.

देवतेच्या चुकीचे पडदा काय करतो हे पाहण्यासाठी उत्तर युरोपातील थोरचे उदाहरण घ्यावे. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहून ठेवलेल्या काव्यसंग्रहात एक कथा आहे: मेघगर्जनेचा देव थोर याचा हातोडा एक राक्षस चोरतो आणि तो परत देण्याच्या बदल्यात फ्रेया देवीला वधू म्हणून मागतो, तेव्हा दाढीवाला थोर स्वतःच नवरीचा शालू नेसून फ्रेयाच्या रूपात राक्षसाच्या घरी जातो. मार्व्हलच्या चित्रकथांमध्ये हाच थोर 1962 मध्ये अवतरला आणि 2011 च्या चित्रपटात त्याच्या उद्धटपणाची शिक्षा म्हणून वडिलांनी त्याला पृथ्वीवर टाकून दिले. त्याच्या चुकीवर अख्खा चित्रपट उभा राहू शकला, याचे एक कारण असे की त्या देवाच्या देवळात आज कोट्यवधी माणसे रांग लावून उभी नाहीत. जिवंत देवतेची चूक सांगण्याला अधिकार लागतो, आणि तो अधिकार नात्यातून येतो: परक्याने आईला वेडी म्हटले तर भांडण होते, लेकराने म्हटले तर आई हसते. येडाईला येडाई म्हणणारे तिची लेकरे आहेत, म्हणून ते नाव शिवी झाले नाही.

हा अधिकार सर्वांत मोकळेपणाने वापरतात ते आराधी, म्हणजे गळ्यात कवड्यांची माळ, हाती परडी आणि पोत घेऊन देवीच्या नावाने जोगवा मागणारे स्त्री-पुरुष. त्यांच्या गाण्यात देवीला ‘तू’ म्हणतात, तिच्या साडीचोळीची चौकशी करतात, ती रुसली तर समजूत घालतात. ही गाणी कॅसेटवर आली, मग सीडीवर, आणि आता ती मोबाईलवर ऐकली जातात. संबळाच्या जागी कधी कीबोर्डचा ठेका येतो आणि वरातीच्या गाडीवरच्या कर्ण्यातून येडामायचे नाव जिल्ह्याच्या हद्दी ओलांडून जाते. ठेका बदलला तरी संबोधन बदललेले नाही, आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकाने कान द्यायचा तो तेथे.

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याची मोठी यात्रा भरते. ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात देवीची पालखी डोंगरावरून उतरते आणि आमराईतल्या मुक्कामाकडे निघते, आणि या वाटेवर ‘चुन्याचे रान’ म्हणून ओळखले जाणारे शेत लागते. तेथे उन्हात वाकलेल्या हजारो माणसांचे एकच काम चालू असते: काळ्या ढेकळांमधून बोराएवढे, सुपारीएवढे पांढुरके खडे शोधून ते गोळा करणे. याला चुनखडी वेचणे म्हणतात, आणि वेचलेली चुनखडी पालखीला वाहून तिचा चुना देवीच्या मंदिराला लावण्याची परंपरा आहे. म्हातारी माणसे बसल्या जागी हात फिरवून खडे टिपतात, लहान मुले ओंजळ भरली की धावत जातात, आणि एका हातात खडे, दुसऱ्या हातात चित्रण करणारा मोबाईल असे दृश्यही आता नवे राहिलेले नाही. इतकी माणसे दरवर्षी वेचतात तरी खडे सरत नाहीत, हे भाविकांना देवीचे देणे वाटते.

हे देणे कसे घडते ते जमिनीच्या अभ्यासातून समजते. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, ज्या खनिजांचा बनलेला आहे त्यांत कॅल्शियम असते. पाषाण झिजून माती होताना पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात ते विरघळते, आणि मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या प्रदेशात ते खोल वाहून न जाता, पाणी आटले की मातीतच कॅल्शियम कार्बोनेटच्या गाठी होऊन बसते. एकेक गाठ घडायला फार मोठा काळ लागतो, पण दर पावसाळ्यात वरची माती धुपते, दर नांगरटीत खालची वर येते, आणि नवे खडे उजेडात येतात. असे खडे भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सियसपर्यंत तापवले की त्यांतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसून विरतो, दुधासारखा पांढरा होतो, आणि भिंतीवर हात फिरला की त्याचे मूळ रूप कोणाला ओळखू येत नाही. पुढे भिंतीवर सुकताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि काही महिन्यांत पुन्हा चुनखडी होतो.